तीनदा लाल लघवी, तीनदा गोळ्या आणि 'पुरुषांचा आजार'

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझं वय 57. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या आठ महिन्यांत तीन वेळा लघवी लाल झाली. पहिल्या वेळी जळजळ होती, पुढच्या दोन्ही वेळी काहीच दुखलं-खुपलं नाही. दर वेळी 'युरिन इन्फेक्शन' म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि दोन-तीन दिवसांत लघवी स्वच्छ झाली. कल्चर एकदाच केलं, शेवटच्या वेळी. त्यात जंतू वाढले नाहीत असं लिहून आलं. सोनोग्राफी नॉर्मल आहे.

माझ्या दादाला गेल्या वर्षी लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला. त्याची लघवी एकदाच लाल झाली आणि आठवड्याच्या आत दुर्बिणीची तपासणीसुद्धा झाली. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसून म्हणाले, "तो पुरुषांचा आजार आहे. तुम्ही काय सिगारेट ओढता?" मी ओढत नाही, दादा ओढायचा. केसांना मात्र मी बरीच वर्षं डाय लावते.

बायकांना हा आजार खरंच होत नाही का? झाला तर दादासारखीच बरी होईन का? दादाच्या तोंडून दुर्बिणीचं वर्णन ऐकून धडकी भरलीय, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटते. मुलगी म्हणते तपासून घे, हे म्हणतात उगाच कशाला.

— एक वाचक


ताई,

आधी कामाचं बोलते, बाकीचं नंतर. तुम्ही युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे, जा आणि दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, करून घ्या. 'पुन्हा लाल झाली तर बघू' असं नको, याच एक-दोन आठवड्यांत जा.

तुम्हाला कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. लघवीतून रक्त गेलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर निघत नाही. कुणाला खडा असतो, कुणाला खरोखरच इन्फेक्शन असतं, पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते त्यातूनही कुणाला रक्त दिसतं. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडले: कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. इन्फेक्शन म्हणून उपचार झाले तीन वेळा, आणि इन्फेक्शनचा पुरावा कागदावर एकदाही नाही. आता शेवटच्या वेळी आधी गोळ्या सुरू केल्या आणि मग लघवीचा नमुना दिला, असं झालं असेल तर कल्चर खोटंच स्वच्छ येऊ शकतं, हे मान्य. तरीही दोन वेळा काही न दुखता लाल लघवी झाली, ती परत परत झाली आणि तुमचं वय 57 आहे, एवढं पुरेसं आहे.

ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था डॉक्टरांसाठी नियम घालून देते. त्यांचा नियम असा: वय 45 किंवा जास्त, लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त, आणि इन्फेक्शन नाही किंवा इन्फेक्शनचा उपचार होऊनही रक्त पुन्हा आलं, तर कॅन्सरच्या संशयाच्या रांगेत तातडीने पाठवायचं. त्या वाक्यात बाई-पुरुष असा शब्दच नाही. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या नियमावलीतही डोळ्यांना दिसणारं रक्त एकदा जरी गेलं असलं, तरी ती व्यक्ती थेट जास्त जोखमीच्या गटात बसते.

"पण गोळ्यांनी बरं वाटलं ना" हे तुम्हाला घरात ऐकावं लागणार, म्हणून त्याचंही उत्तर जवळ ठेवा. मूत्राशयातली, म्हणजे लघवीच्या पिशवीतली, गाठ रोज रक्त सोडत नाही. एक-दोन दिवस सोडते, आपोआप थांबते, मग महिना-दोन महिने लघवी स्वच्छ. त्या थांबण्याच्या आसपास गोळ्या चालू असल्या की श्रेय गोळ्यांना जातं. खुद्द डॉक्टरसुद्धा यात फसतात. गोळ्या संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा साधी युरिन रूटीन करून 'आता लाल पेशी गेल्या का' हे पाहिलं तर हा घोटाळा बराचसा सुटतो, पण लघवी साफ दिसली की पुन्हा लॅबमध्ये जातंय कोण!

आता तुमच्या डॉक्टरांचं ते वाक्य. ते हवेतून आलेलं नाही. जगभरच्या 2022 च्या आकड्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरचे सुमारे 6 लाख 14 हजार नवे रुग्ण आहेत. त्यातले 4 लाख 71 हजारांच्या आसपास पुरुष. अमेरिकेत हिशेब मांडतात तो असा, की आयुष्यभरात साधारण 28 पुरुषांत एकाला हा आजार होतो आणि 89 बायकांत एकीला. फरक मोठा आहे आणि खरा आहे. पण त्याच आकड्यांतून उरलेल्या बायका मोजा: एका वर्षात 1 लाख 43 हजार. जवळपास चौथा हिस्सा. याला 'पुरुषांचा आजार' म्हणणं सैलपणाचं आहे. शिवाय 'पुरुषांना जास्त होतो' हे वाक्य निरोगी माणसांच्या गर्दीबद्दलचं आहे. तुम्ही त्या गर्दीत नाही, तुमच्या लघवीत रक्त आहे. शक्यता कमी असणं हे तपासणी टाळण्याचं कारण तेव्हाच होऊ शकतं, जेव्हा लक्षणच नसतं.

पुरुषांना जास्त का होतो, याचं सोपं उत्तर वर्षानुवर्षं सिगारेट आणि कारखाना असं दिलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. 1895 मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या 45 कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचं दाखवून दिलं. ॲरोमॅटिक अमाइन जातीची ही रसायनं श्वासातून किंवा कातडीतून शरीरात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत सोडतात, आणि मग ती लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते. सिगारेटच्या धुरातही त्याच कुळातली रसायनं आहेत. रंग, रबर, चामडं या धंद्यांत पूर्वी पुरुषच जास्त, सिगारेट ओढणारेही पुरुषच जास्त. गणित जुळत होतं.

पण पूर्ण जुळत नव्हतं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सिगारेट, कामाची जागा, मूत्रमार्गाचं इन्फेक्शन या सगळ्याचा प्रभाव हिशेबातून वजा करून पाहिला. तरी पुरुषांचं पारडं जडच राहिलं. मग उंदरांकडे लक्ष गेलं. मूत्राशयाचा कॅन्सर घडवणारं एकच रसायन नर आणि मादी उंदरांना दिलं तर नरांना गाठी जास्त होतात आणि लवकर होतात. नरांच्या वृषणग्रंथी काढल्या की प्रमाण घटतं. म्हणजे पुरुषी हार्मोन्सचा हात आहे. त्यातही ही नुसती हार्मोन्सची गोष्ट नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृषण असलेले पण मादीची एक्स-एक्स गुणसूत्रं असलेले, आणि बीजकोश असलेले पण नराची एक्स-वाय असलेले, असे खास उंदीर वापरले. हार्मोन्स बाजूला ठेवली तरी दोन एक्स गुणसूत्रं असण्याने काही संरक्षण मिळतं असं दिसलं. एक्सवर केडीएम6ए नावाचं गाठ रोखणारं जनुक आहे. बाईच्या पेशीत एक्सची एक प्रत झोपवलेली असते, पण हे जनुक त्या झोपवलेल्या प्रतीवरही जागंच राहतं. त्यामुळे बाईकडे ते दुहेरी चालतं. 2023 मध्ये आणखी एक धागा मिळाला: पुरुषांच्या काही गाठींतल्या पेशी वाय गुणसूत्रच गमावून बसतात, आणि अशा गाठी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जास्त सहज चकवतात. गंमत म्हणजे त्याच गाठी इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणाऱ्या उपचाराला, मात्र चांगल्या नमतात, असं त्या अभ्यासात दिसलं.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण एवढंच, की 'मी सिगारेट ओढत नाही' ही ढाल तुम्हाला वाटते तेवढी जाड नाही. साडेचार लाखांहून जास्त माणसांच्या पाठपुराव्यातून 2011 मध्ये अमेरिकेत निघालेला निष्कर्ष असा, की सध्या सिगारेट ओढणाऱ्यांना धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट, आणि बायकांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमधला साधारण निम्मा वाटा सिगारेटला जातो. जुन्या पाहण्यांत बायकांचा हा वाटा 20 ते 30 टक्केच होता. बायका जास्त ओढू लागल्या तसा तो पुरुषांच्या बरोबरीला आला. पण निम्मा सिगारेटचा म्हणजे उरलेला निम्मा सिगारेटचा नाही, हेही तुम्ही वाचून घ्या. वय, पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक, पूर्वी ओटीपोटावर घेतलेलं रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइडसारखं केमोथेरपीतलं औषध, वर्षानुवर्षं ठेवलेली लघवीची नळी, अशी बाकीची कारणं आहेत, आणि बऱ्याच जणींत बोट दाखवावं असं एकही कारण सापडत नाही. जिथे शिस्टोसोमा नावाच्या परजीवीची लागण सर्रास आहे, तिथे तेही एक मोठं कारण असतं.

डायचं थोडक्यात सांगते. घरी स्वतःच्या केसांना डाय लावण्याने मूत्राशयाचा कॅन्सर होतो असं ठरवण्याइतका पुरावा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेला मिळालेला नाही. रोज दिवसभर दुसऱ्यांच्या केसांवर काम करणाऱ्यांच्या व्यवसायाला मात्र त्यांनी 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय. तुम्ही पहिल्या गटात आहात. डायवरून रात्रीची झोप घालवू नका. आणि दादाला झाला म्हणून तुम्हाला होईलच असंही नाही. जवळच्या नात्यात असला तर धोका थोडा वाढतो, पण त्याच्या बाबतीत सिगारेट हे कारण समोरच दिसतंय.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि त्याचं उत्तर गोड करून देणार नाही. बायकांना हा आजार कमी होतो, पण झाला तर सरासरीने त्यांची गत पुरुषांपेक्षा वाईट होते. बऱ्याच देशांच्या नोंदींत हे दिसलंय. पहिलं कारण तुमच्या पत्रातच आहे. दादाची लघवी एकदा लाल झाली आणि आठवड्यात दुर्बीण आली, तुमची तीनदा लाल झाली आणि तीनदा गोळ्या आल्या. अमेरिकेतल्या विमा-नोंदींवरून 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लघवीत रक्त आढळल्यापासून कॅन्सरचं निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी 74 दिवस लागले, बायकांना 85. अकरा दिवसांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही सरासरी आहे, आणि सहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांतही बायकांचं प्रमाण जास्त होतं. ज्यांच्यावर आधी इन्फेक्शनचा शिक्का बसला होता, त्यांना उशीर जास्त झाला.

मूत्राशयाच्या बाबतीत उशिराचा अर्थ असा. आतल्या अस्तरातून गाठ सुरू होते. ती अस्तरात किंवा त्याच्या लगत खालच्या थरात असेपर्यंत दुर्बिणीतून खरवडून काढता येते. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण याच पायरीवर असतात. मूत्राशयाच्या भिंतीच्या स्नायूत शिरली की खेळ बदलतो: मग केमोथेरपी, मूत्राशय काढून टाकणं किंवा रेडिएशन. स्नायूत शिरलेल्या अवस्थेत पहिल्यांदा सापडणाऱ्यांत बायकांचा वाटा पुरुषांपेक्षा जास्त असतो. युरोथेलियल, म्हणजे अस्तराच्या पेशींपासून होणारा नेहमीचा प्रकार, सोडून इतर, जरा दांडगट प्रकारच्या गाठीही बायकांत तुलनेने जास्त दिसतात. पायरीला पायरी जुळवून पाहिली तरी थोडा फरक शिल्लक राहतो, आणि तो हार्मोन्सचा, उपचारांचा की आणखी कशाचा यावर वाद चालू आहेत.

यातच एक गोष्ट आहे जी मला आशेची वाटते. नॉर्वेच्या राष्ट्रीय नोंदींत बायकांचा हा तोटा मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत दिसला. तेवढा काळ पार केलेल्या बायका पुढे पुरुषांपेक्षा सरसच राहिल्या. जैविक शापच असता तर तो दोन वर्षांनी थांबला नसता. माझं मत विचाराल तर यात उशिरा सापडण्याचा हात मोठा आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या हातात आहे.

म्हणून आता दुर्बिणीबद्दल. दादाने जे वर्णन केलं ते खोटं नसेल, पण ते त्याच्या शरीराचं आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंटिमीटर लांब, वाटेत वळण आणि प्रोस्टेटची अडचण. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, आणि सरळ. तुमच्यासाठी ही तपासणी त्याच्यापेक्षा कितीतरी सोपी असते. होतं काय, तर तुम्हाला पाठीवर झोपवून गुडघे वाकवून पाय बाजूला टेकवतात, पोटापासून खाली चादर असते. तिथली जागा जंतुनाशकाने पुसतात, ते गार लागतं. मग बधिर करणारी जेली मूत्रमार्गात सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. ही थांबायची मिनिटं घाईघाईत उडवली जातात असं मी पाहिलंय, तेव्हा "जेली चढू द्या" असं तुम्ही बेधडक म्हणू शकता. पेन्सिलीहूनही बारीक दुर्बीण आत जाते तेव्हा चिमटा बसल्यासारखं होतं, मग आतून पाणी सोडतात आणि जोरात लघवी लागल्याची भावना येते. तीच सगळ्यात त्रासदायक असते, कारण लघवी होईल की काय अशी भीती वाटते. होत नाही, आणि झाली तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही. डॉक्टर पडद्यावर एकेक भिंत पाहतात: मूत्रपिंडांतून येणाऱ्या दोन नळ्यांची तोंडं, मधला तळ, वरचं छत. सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. तुम्हाला पडदा बघायचा असेल तर सांगा, बरेच डॉक्टर वळवून दाखवतात. निरोगी अस्तर फिकट गुलाबी आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीचं दिसतं. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ आणि गुलाबी छटा राहू शकते. पाणी भरपूर प्या. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे तपासणीनंतरच नव्हे, आत्ताही लागू आहे.

लाज वाटते म्हणालात. स्त्री डॉक्टर मागणं, खोलीत नर्स हवी म्हणणं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं असं आधीच ठरवून घेणं, हे सगळं मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात नखरा काही नाही. स्त्री डॉक्टर मिळायला महिना लागणार असेल तर मात्र पुरुष डॉक्टरांकडे जा. ते तुमच्याकडे दिवसातला पाचवा पेशंट म्हणूनच पाहतात.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सुटलो, असं धरू नका. लहान गाठ आणि अस्तरात सपाट पसरलेला प्रकार सोनोग्राफीला दिसत नाही. लघवीतल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटॉलॉजी, वाईट जातीच्या पेशी चांगल्या पकडते, पण सौम्य गाठी तिच्या हातून निसटतात. या दोन्ही चाचण्या दुर्बिणीच्या जोडीला आहेत, तिच्या बदली नाहीत. मूत्रपिंडं आणि नळ्या पाहण्यासाठी सीटी स्कॅनही सांगतील.

एक बारीक गोष्ट, जी बायकांच्याच वाट्याला येते. रक्त लघवीतून आलं की अंगावरून, हे नक्की करून घ्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर योनीमार्गातून थेंबभर जरी रक्त आलं तरी गर्भाशयाची तपासणी लागतेच, तो वेगळा पण तितकाच महत्त्वाचा रस्ता आहे. लघवी करताना धार लाल दिसते की नंतर पुसताना कागदावर किंवा कपड्यावर डाग पडतो? शंका असेल तर दवाखान्यात नळीने घेतलेला नमुना उत्तर देतो. या दोन विभागांच्या मधल्या खिंडीत बायका अडकतात. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात आमच्या बाजूने सगळं ठीक, आणि बाई त्याला पूर्ण निर्दोषत्वाचं सर्टिफिकेट समजून घरी जाते. एका बाजूचं ठीक म्हणजे दुसऱ्या बाजूचं तपासायचं बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या डॉक्टरांवर मी फार रागावणार नाही. बायकांना मूत्रमार्गाचं इन्फेक्शन खरोखरच पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि दिवसभरात जळजळीच्या वीस तक्रारी पाहणाऱ्याचा हात पहिल्यांदा अँटिबायोटिककडेच जातो. पहिल्या वेळी तेच योग्य होतं. दुसऱ्या वेळी कल्चर हवं होतं, तिसऱ्या वेळी युरॉलॉजिस्टकडे पाठवणारी चिठ्ठी. नियमांतही स्त्री-पुरुष फरक काही ठिकाणी रास्तपणे धरलाय. रक्त फक्त सूक्ष्मदर्शकात दिसत असेल, तर अमेरिकेच्या 2020 च्या नियमावलीत पुरुषांना 40 च्या आत कमी जोखमीचं धरलं आणि बायकांना 50 च्या आत. 2025 मध्ये बायकांची ती मर्यादा 60 केली. तरुण बायकांना उगाच दुर्बिणीला बसवू नये, हा त्यामागचा विचार. पण ते सगळं न दिसणाऱ्या रक्ताबद्दल. तुमचं रक्त तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

समजा गाठ निघालीच, तर काय, हेही सांगून ठेवते, कारण तुम्ही रात्री नेटवर शोधाल आणि भलतंच वाचाल. पहिली पायरी भूल देऊन दुर्बिणीतून गाठ खरवडून काढणं आणि तुकडा तपासायला पाठवणं. वरवरची पण परत उगवण्याची शक्यता जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजीचं औषध नळीने सोडतात, आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे, मग पुढे ठरावीक अंतराने. क्षयाच्या लसीचाच हा जंतू. 1976 मध्ये कॅनडातले युरॉलॉजिस्ट अल्वारो मोरालेस यांनी तो मूत्राशयात वापरून दाखवला आणि आजही तो या पायरीवरचा मुख्य उपाय आहे. दादालाही कदाचित तेच चालू असेल. हा आजार परत परत डोकं वर काढतो, त्यामुळे ठरावीक काळाने दुर्बीण पुन्हा पुन्हा करावी लागते. ते टाळायचं नाही.

मूत्राशय काढायची वेळ आली तर बाईने विचारायचे प्रश्न वेगळे असतात, आणि ते आपण होऊन कुणी सांगेल याची खात्री नाही. पुरुषांत या शस्त्रक्रियेत प्रोस्टेटही काढतात, आणि लैंगिक संबंधांवर काय परिणाम होईल हे बहुधा सर्जन स्वतःच बोलतो. बायकांत परंपरेने गर्भाशय, बीजकोश आणि योनीमार्गाची पुढची भिंतही काढत आले, पण त्याबद्दल बोलणं कमी झालं. 57 वर्षांच्या बाईला यात काय रस असणार, हे परस्पर धरून चालतात. आता निवडक रुग्णांत हे अवयव राखता येतात. म्हणून स्पष्ट विचारायचं: काय काढणार, काय ठेवता येईल, नंतर संबंध शक्य राहतील का. आतड्यापासून नवं मूत्राशय बनवण्याचा पर्यायही बायकांसमोर कमी वेळा ठेवला जातो. पोटावर पिशवी लावणं हाच मार्ग सांगितला जातो. दोन्हींत तोटे आहेत. नव्या मूत्राशयात काही बायकांना लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि स्वतः नळी घालून रिकामी करावी लागते, तर पोटावरची पिशवी सांभाळायला सोपी पण कायमची. निवड तुमची, पण दोन्ही पर्याय टेबलावर यायला हवेत. तुम्ही यापासून अजून खूप दूर आहात. कदाचित तिथे कधी पोचणारही नाही.

युरॉलॉजिस्टकडे जाताना तिन्ही वेळच्या तारखा, त्या वेळी दुखलं की नाही, रक्ताच्या गाठी पडल्या का, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे एका कागदावर लिहा. लघवी पुन्हा लाल झाली तर मोबाइलवर फोटो काढा. किळस वाटेल, पण 'थोडीशी गुलाबी' आणि 'लाल' यातला वाद तिथेच संपतो. बीट खाल्लं होतं का, क्षयाचं रिफाम्पिसिन चालू आहे का, हेही सांगा, कारण त्यांनीही लघवी रंगते. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर जरूर सांगा, पण 'त्या गोळीमुळेच असेल' हे उत्तर स्वीकारू नका. ती गोळी घेणाऱ्यांचीही तपासणी तेवढीच करायची असते. आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे म्हणा: "माझ्या लघवीतून तीन वेळा डोळ्यांना दिसणारं रक्त गेलंय, दोनदा अजिबात न दुखता, आणि कल्चरमध्ये जंतू नाहीत." इन्फेक्शन हा शब्द तुम्ही स्वतः उच्चारू नका. तुम्ही म्हणालात की समोरचाही तोच धरून चालतो.

यजमानांना घरीच राहू द्या, मुलीला सोबत न्या. तिला बाहेर बाकावर बसवू नका, आत खुर्चीत बसवा आणि डॉक्टर जे सांगतील ते तिला लिहून घ्यायला सांगा. तपासणीत काही निघालं नाही तरी पुढची युरिन रूटीन कधी करायची, ती तारीख तिथेच विचारून तिने कागदावर टिपून घ्यावी.